सासऱ्यांची नऊ डिग्रीची बिअर

रविवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी बाप्टिस्ट कोल्ब कोटाच्या आतल्या खिशात हात घालत, आणि त्यांचा जावई डेटलेफ हिनरिक्स समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला लागे. घड्याळात बघण्यासारखं काही नव्हतं. पण खिशातून जे बाहेर येणार होतं ते बघण्यापेक्षा घड्याळ बरं.

खिशातून यायची एक निकेलची नळी. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, वरच्या टोकाला बूच आणि बुचाला अडकवायचा एक आकडा. बाप्टिस्ट ती लेकीपुढे धरत. रोझविता मुकाट्याने तिच्यात उकळतं पाणी ओतून देई. मग डेटलेफने नुकत्याच, दोन्ही हातांनी, अदबीने पुढे ठेवलेल्या बिअरच्या मगात बाप्टिस्ट ती नळी सोडत, आकडा काठाला अडकवत आणि हाताची घडी घालून पाच मिनिटं बसत. ती पाच मिनिटं टेबलावर कोणी काट्या-चमच्याला हात लावत नसे. शेवटी एक घोट घेऊन ते मान हलवत आणि म्हणत, "गार होती."

'गार आहे' नाही, 'गार होती'. म्हणजे जावयाकडून चूक झाली, सासऱ्याने ती दुरुस्त करून घेतली, आता त्यावर चर्चा नको. डेटलेफला मिरची लागायची ती त्या भूतकाळाची.

अठरा वर्षं हे चाललं होतं. डेटलेफ मूळचा उत्तरेकडचा, समुद्रकाठचा. हॉलरबाख गावाच्या मते हँबुर्ग आणि उत्तर ध्रुव यांच्यात फारसं अंतर नाही, आणि तिथून आलेल्या माणसाला बिअरमधलं काही कळेल अशी अपेक्षा करणं म्हणजे बोकडाकडून धारेची अपेक्षा करण्यासारखं आहे. लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी गावात तो 'कोल्बांच्या रोझविताचा तो उत्तरेकडचा' असाच ओळखला जाई. वास्तविक तो शहराच्या पाणीपुरवठा खात्यात दाबमापकं तपासणारा जबाबदार माणूस होता. सव्वा लाख लोकांच्या नळाला पाणी किती जोराने यावं हे तो ठरवत असे. पण सासऱ्याच्या मगापुढे त्या अधिकाराचं काही चालत नसे.

एप्रिलमधल्या एका रविवारी जेवायला गावचे पाद्री होते. नळी बाहेर आली. पाद्र्यांनी कौतुकाने विचारलं, "हे काय, बाप्टिस्ट?"

"औषध," बाप्टिस्ट म्हणाले. "उत्तरेकडची माणसं मासे बर्फात ठेवतात ना, त्याच हाताने बिअरही ठेवतात. आमचे जावईबापू हौशी आहेत."

पाद्री हसले. रोझविता हसली. डेटलेफने घड्याळ बघितलं. त्या रात्री भांडी पुसता पुसता त्याने जाहीर केलं, "तीन सप्टेंबरला बाबांना ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी सगळ्या गावासमोर ते माझ्या हातची बिअर नळीशिवाय पितील. नाही पाजली तर मी जन्मभर पाणी पिईन."

"अरे, सोड ना. म्हातारपण आहे त्यांचं," रोझविता म्हणाली.

"अठरा वर्षांपूर्वी कुठे होतं म्हातारपण?"

तिने त्याच्या हातात आणखी एक ताटली दिली.

ज्याला मोजमापाची सवय आहे तो माणूस आधी आकडा शोधतो. पुढच्या रविवारी डेटलेफने सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला नेमकी किती डिग्रीची लागते?"

"बरोबर असली की कळतं."

"कसं कळतं?"

"बरोबर नसली की जास्त कळतं," बाप्टिस्ट म्हणाले आणि नळी लेकीपुढे धरली.

मग त्याने गावात विचारलं. ही त्याची पहिली चूक. हॉलरबाखमध्ये एखाद्याला मतदान कोणाला केलं हे विचारलं तर तो सांगेल, पण बिअर किती डिग्रीवर प्यावी हे विचारलं की बायकोला दुकान सांभाळायला सांगून तुमच्याबरोबर बाहेर येईल. खाटिक म्हणाला दहा. टपालवाला म्हणाला आठ, पण पेला आधी गार पाण्यात बुडवलेला असला तर साडेआठ. शेजारचे झेंक मास्तर पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून शिकवायला कोणी मिळेना म्हणून कुंपणाशी उभे असायचे. ते म्हणाले, "हिनरिक्स, प्रश्नच चुकीचा आहे. कोणाची डिग्री? फेसाची, मधल्या भागाची, की तळाची?"

शेवटी तो गावच्या भट्टीवर मार्गा श्रूफरकडे गेला. मार्गाची ही आठवी पिढी बिअर करत होती आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलण्याची पद्धत त्यांच्यात पहिल्या पिढीपासून नव्हती. तिने हात पुसत पुसत सांगितलं, "पिल्सनर सात. गव्हाची आठ. काळी दहा. कडक बॉक बारा, तीही थंडीत. त्याहून गार प्यायची असेल तर चव कशाला लागते, पाणी पी की."

"आणि बाबा पितात ती?"

"तळघरात मुरवलेली, न गाळलेली? नऊ." तिने त्याच्याकडे दयेने बघितलं. "तिला नऊच लागते. साडेनऊ नाही आणि साडेआठ नाही. लेकरासारखी आहे ती, तिला एकच कूस चालते."

डेटलेफने घरी येऊन रंगीत शाईत तक्ता केला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. खात्यातून तपासणी करून आणलेली तीन तापमापकं तीन कप्प्यांत ठेवली. फ्रिज नऊवर लावला. पहिलं तापमापक नऊ म्हणालं, दुसरं साडेसात, तिसरं अकरा. तिघांची सरासरी काढण्यात आठवडा गेला, आणि तेवढ्यात फ्रिजमधल्या बाकीच्या जिनसांनी आपापलं मत दिलं. दूध फाटलं. लिव्हरचं सॉसेज बाजूने हिरवं झालं. रोझविताच्या बहिणीने प्रेमाने पाठवलेला क्रीमचा केक खाऊन घरातली दोन्ही माणसं रात्रभर एका संडासाच्या दोन बाजूंना उभी राहिली. सकाळी रोझविताने तक्ता काढला, त्याची घडी केली आणि डेटलेफच्या खिशात घातली. "माझ्या फ्रिजचा आणि तुझ्या अब्रूचा यापुढे काही संबंध नाही," ती म्हणाली.

झेंक मास्तर कुंपणाशी होतेच. "जमीन!" ते म्हणाले. "मीटरभर खोल गेलं की जमिनीचं तापमान स्थिर. शाळेत हे लक्ष देऊन ऐकलं असतंत तर..."

"मी तुमच्या शाळेत नव्हतो, मास्तर."

"तेच म्हणतोय मी."

डेटलेफने शनिवारभर बागेत खड्डा खणला. एक मीटर दहा सेंटिमीटरवर चौदा डिग्री निघाली, आणि त्याच्या थोडं वर इंटरनेटची वायर निघाली, ती मात्र दोन तुकड्यांत. संपूर्ण गल्ली पाच दिवस इंटरनेटविना राहिली. समोरच्या आजींची नातवाशी बोलायची सोय गेली. त्या रोज संध्याकाळी खड्ड्याच्या काठाशी येऊन उभ्या राहायच्या, आत बघायच्या आणि काही न बोलता परत जायच्या. डेटलेफला वाटायचं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

खड्डा बुजवताना मास्तर म्हणाले, "मला एक कळत नाही. तुमच्या घराचं टेकडीतलं तळघर असताना तुम्ही फुलझाडांत कशाला खणताय?"

डेटलेफने फावडं खाली ठेवलं. "आमच्या घराचं काय?"

गावामागच्या टेकडीच्या पोटात जुन्या घरांची तळघरं आहेत. वाळूच्या दगडात शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कोरलेली, बिअर साठवायची. कोल्बांचं तळघर सफरचंदाच्या बागेच्या वर, दोन जुन्या चेस्टनटच्या झाडांखाली होतं. पस्तीस वर्षं बंद, दारावर वेली चढलेल्या. बाप्टिस्टनी त्याचं नाव कधी काढलं नव्हतं आणि डेटलेफला ती कोणा दुसऱ्याची पडकी खोली वाटायची. आता बाबांना तर चकित करायचं होतं, तेव्हा त्यांच्याकडे किल्ली मागणं शक्य नव्हतं. मास्तरांनी तेलाची बाटली आणली. दोघांनी तासभर कुलपाची मनधरणी केली. दार कुरकुरत उघडलं, आणि मे महिन्याच्या उन्हात आतून अशी गार, ओल्या दगडाची हवा आली की दोघेही क्षणभर गप्प झाले. मास्तर गप्प होणं ही तिथली खरी दुर्मीळ घटना.

डेटलेफने तिन्ही तापमापकं आत ठेवली. अर्ध्या तासाने बघितली. नऊ, नऊ आणि नऊ.

त्याला रडू यायचं बाकी होतं. त्याने आनंदाने वर बघितलं, तर छताला उलटं टांगलेलं एक वटवाघूळ त्याच्याकडे बघत होतं. त्याच्या शेजारी दुसरं. पलीकडे आणखी.

"संरक्षित प्राणी," मास्तर कुजबुजले. "कळवावं लागेल."

आता इथे दुसरा कोणी असता तर त्याने दार लोटून घेतलं असतं, पिंप आत सरकवलं असतं आणि वटवाघळांनीही तक्रार केली नसती. पण ज्या माणसाने पंचवीस वर्षं दाबमापकातला एक बारीक काटा खरा सांगितला, त्याला वटवाघूळ लपवता येत नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता डेटलेफने जिल्ह्याच्या निसर्गरक्षण कचेरीत स्वतःची तक्रार स्वतः नोंदवली.

बुधवारी झोयबर्टबाई आल्या. पन्नाशीच्या, रबरी बूट, डोक्याला लाल दिवा, आणि तळघराच्या बाहेर वीस पावलांवरूनच कुजबुजत बोलायची सवय. त्या आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा फुलला होता. "अकरा!" त्या कुजबुजल्या. "अभिनंदन."

"आभारी आहे," डेटलेफही कुजबुजला. "मला आत बिअर ठेवायची आहे."

झोयबर्टबाईंनी एक अर्ज काढला. प्रवेशाचं प्रयोजन या रकान्यात संशोधन, दुरुस्ती आणि जखमी प्राण्याची सुटका असे तीनच पर्याय होते. दोघांनी झाडाखाली बसून बराच विचार केला. बाईंचं म्हणणं, 'सुटका' लिहिता येईल पण प्राणी कोणता हे द्यावं लागेल. शेवटी 'इतर' असं हाताने लिहून पुढे 'वस्तूची साठवण' घातलं. त्यावर तीन आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं : साठवलेल्या वस्तूमुळे जागेचं तापमान अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त बदलणार नाही हे सिद्ध करावं. झेंक मास्तरांच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस. त्यांनी पन्नास लिटरच्या पिंपाची उष्णता, दगडाची उष्णता आणि अकरा वटवाघळांची अंगची ऊब धरून सहा पानांचं गणित केलं, खाली सही केली आणि कचेरीला स्वतः नेऊन दिलं.

जुलैच्या अखेरीस परवानगी आली. मुदत एकतीस ऑगस्ट.

डेटलेफ कचेरीत धावला. "बाई, वाढदिवस तीन सप्टेंबरला आहे!"

"सप्टेंबरपासून वटवाघळांची हिवाळ्याची मंडळी यायला लागतात," झोयबर्टबाई म्हणाल्या. कचेरीतही त्या हळूच बोलत. "वाढदिवस थोडा अलीकडे घेता नाही येणार?"

"ते ऐंशी वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं."

बाईंनी खरोखरच वाईट वाटल्यासारखं डोकं हलवलं. डेटलेफने तीन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला सोबत मार्गाच्या भट्टीतली बाटली नेली होती, ती बाईंनी लाच समजून परत केली, पण परत करताना लेबल मात्र वाचलं आणि म्हणाल्या, "ही आम्ही घरी सातवर पितो." डेटलेफ म्हणाला, "नऊ." बाई म्हणाल्या, "सात." कचेरीतला पुढचा पाऊण तास अर्जावर चर्चा झाली नाही. तिसऱ्या खेपेला विशेष आदेश निघाला. पिंप ऑगस्टमध्ये आत ठेवावं. तीन सप्टेंबरला एका वेळी एकाच व्यक्तीने, जास्तीत जास्त दहा मिनिटं, लाल दिव्यानिशी आत जावं. आत कुजबुजण्यापलीकडे बोलू नये. आणि दारात वटवाघळांना ये-जा करण्यासाठी पंधरा सेंटिमीटर उंच व चाळीस सेंटिमीटर रुंद फट स्वखर्चाने करून द्यावी.

सुतार म्हणाला, "माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक, ज्याला दारात फट हवीय."

सत्तावीस ऑगस्टला मार्गाने लाकडी पिंप आणलं आणि डेटलेफच्या मदतीने आतल्या दगडी ओट्यावर ठेवलं. जाताना तिने दम दिला. "एकदा तोटी ठोकली की हलवायचं नाही, गाळ वर येतो. आणि बाहेर उन्हात काढलंस की तासाभरात सूप."

एव्हाना सगळ्या गावाला ही हकीकत ठाऊक होती. पैजा लागल्या होत्या. खाटिक नळीच्या बाजूने होता. एकटे बाप्टिस्ट काही बोलत नव्हते. रविवारी येत, नळी काढत, 'गार होती' म्हणत आणि जात. त्यांना काही कळलं आहे की नाही, हे त्यांच्या तोंडावरून ओळखणं म्हणजे टेकडीच्या तोंडावरून ओळखण्यासारखं होतं.

तीन सप्टेंबरला सकाळी दहालाच तेहेतीस डिग्री होतं. बागेत साठ माणसांची बाकं मांडलेली. ओव्हनमध्ये डुकराच्या खांद्याचं मांस भाजत होतं आणि रोझविता सकाळपासून बटाट्याचे गोळे वळत होती. झेंक मास्तरांनी हातगाडी, ओली पोती आणि उताराचा नकाशा अशी तयारी ठेवली होती. ठीक पावणेबाराला पिंप काढायचं, बाराला तोटी ठोकायची, बारा वाजून पाच मिनिटांनी बाबांच्या हातात मग. साडेअकराला रोझविता हात पुसत बाहेर आली.

"बाबा कुठे आहेत?"

बाबा नव्हते. घरात नव्हते, चर्चमध्ये नव्हते, खाटकाकडे नव्हते. पाद्री एका बाजूला गेले, मास्तर दुसऱ्या. उत्सवमूर्तीच पळाली म्हणून साठ माणसं आणखी आनंदाने गप्पा मारायला लागली. डेटलेफच्या मनात आलं, आपण इतका हट्ट धरला म्हणून म्हातारा रुसून गेला. ऐंशीव्या वाढदिवसाला माणसाला घरातून घालवलं आपण, एका आकड्यापायी. तो हातगाडी घेऊन टेकडी चढला तो बिअरसाठी नाही, खाली कोणाला तोंड दाखवू नये म्हणून.

तळघराचं कुलूप उघडं होतं.

आत लाल उजेड नव्हता, फटीतून येणारा उन्हाचा एक पट्टा होता. त्या पट्ट्याच्या कडेला उलट्या खोक्यावर बाप्टिस्ट कोल्ब बसले होते. अंगावर ठेवणीतला कोट, पायांत चपला, हातात मातीचा मग. पिंपाला तोटी ठोकलेली होती, आणि खोक्यापाशी तळघराची जुनी किल्ली पडली होती.

"बाबा!" डेटलेफ ओरडला.

"हळू," बाप्टिस्ट कुजबुजले. "झोपलीत ती."

"तुम्ही तोटी ठोकलीत? हातोडीने? अहो, आदेशात..."

"हातोडीला टॉवेल गुंडाळला होता. मला काय अक्कल नाही?"

डेटलेफ जमिनीवरच बसला. चार महिने, सहा पानं गणित, पाच दिवसांचं इंटरनेट, सगळ्या गावासमोर व्हायचा तो क्षण इथे अंधारात, त्याच्या पाठीमागे उरकून गेला होता. बाप्टिस्टनी आणखी एक घोट घेतला. मगात नळी नव्हती. कोटाचा खिसाही सपाट दिसत होता.

"कशी आहे?" डेटलेफने विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच केविलवाणा वाटला.

बाप्टिस्टनी हातातला मग खाली ठेवला. "हे तळघर मी बंद केलं," ते म्हणाले. "रोझविताच्या आईने, अ‍ॅनीने फ्रिज घेतला तेव्हा. चार वर्षं शिवणकाम करून पैसे साठवले तिने. म्हणाली, तुम्हाला रोज टेकडी चढावी लागते, आता नको. मोठा, पांढरा फ्रिज. गल्लीत तेवढा मोठा कोणाकडे नव्हता. बिअर अशी काढायची की दात ठणकायचे. मी प्यायचो. सतरा वर्षं प्यालो."

"तिला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? गार आहे म्हणू?" म्हातारा तिच्यावर रागावल्यासारखा बोलला. "ती मला पेला देऊन समोर उभी राहायची, कशी आहे म्हणून. मी म्हणायचो, झकास."

वर एक वटवाघूळ कुशीवर वळल्यासारखं हललं.

"ती गेल्यावर मी नळी आणली," बाप्टिस्ट म्हणाले.

डेटलेफला ही संधी सोडवेना. अठरा वर्षांचं साचलेलं होतं. "आणि मला म्हणायला लागलात. दर रविवारी. पाद्र्यांसमोरसुद्धा."

"मग कोणाला म्हणू?" बाप्टिस्टना खरंच आश्चर्य वाटलं. "परक्याकडे गेलो तर मी पुढे येईल ते गपगुमान पितो, आभार मानतो आणि घरी येतो. बिअर गार आहे हे माणूस कोणाला सांगतो? घरच्याला सांगतो. तू घरचा आहेस म्हणून तर नळी खिशात घेऊन येत होतो." त्यांनी दुसरा मग तोटीखाली धरला, भरला आणि जावयापुढे केला. दोन्ही हातांनी. "धर. नऊ आहे की नाही बघ. मापाचं तुला कळतं."

डेटलेफने घोट घेतला. त्याच्या खिशात तिन्ही तापमापकं होती, पण ती काढायचं त्याला सुचलं नाही. बिअर गार नव्हती आणि कोमटही नव्हती. ब्रेडच्या कडेसारखी, किंचित ओल्या दगडासारखी चव होती, आणि ती जिभेवर थांबून राहत होती. तेवीस वर्षं या गावात राहून आपण ही बिअर आज पहिल्यांदा पितोय, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "झकास."

"हं," बाप्टिस्ट म्हणाले.

तेवढ्यात उन्हाचा पट्टा विझला. फटीपलीकडे दोन डोळे होते.

"दोन व्यक्ती!" झोयबर्टबाई जितक्या संतापाने कुजबुजता येतं तितक्या संतापाने कुजबुजल्या. आदेशाचं पालन होतं की नाही हे बघायला त्या सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीने आल्या होत्या. "आणि लाल दिवा कुठाय?"

"माझं तळघर आहे हे," बाप्टिस्ट म्हणाले.

"तुमचं असेल. राहतात त्यात वटवाघळं."

हे म्हाताऱ्याला पटलं. दोघे निमूट बाहेर आले. उन्हात उभ्या उभ्या डेटलेफने बाईंना आपली अडचण सांगितली. तोटी ठोकली गेली, आता पिंप हलवलं तर गाळ. खाली साठ माणसं कोरड्या घशाने बसली आहेत, आणि आत फक्त एका व्यक्तीला दहा मिनिटं. एव्हाना मास्तर, रोझविता आणि निम्मी पंगत शोध घेत टेकडीवर पोचली होती. झोयबर्टबाईंनी पिशवीतून आदेशाची प्रत काढली आणि वाचली. परत वाचली. मग चष्मा काढला.

"एका वेळी एक व्यक्ती, दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "किती वेळा, ते लिहिलेलं नाही."

"कचेरीची नजरचूक," मास्तर उत्साहाने म्हणाले.

"नजरचूक नाही. मी लिहिलाय तो," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि फटीतून फक्त वटवाघळांनीच ये-जा करावी असंही त्यात नाही. दिवसा ती वापरतही नाहीत."

मग जे झालं ते हॉलरबाखमध्ये अजून सांगतात. खालची सगळी बाकं माणसांनी डोक्यावर घेऊन वर आणली आणि चेस्टनटांच्या सावलीत मांडली. मांसाचं भांडं हातगाडीतून आलं, ओल्या पोत्यांऐवजी टॉवेलात गुंडाळून. डेटलेफ लोकरी स्वेटर घालून आत गेला आणि दार ओढून घेतलं. फटीतून रिकामा मग आत यायचा, भरलेला बाहेर जायचा. दर दहा मिनिटांनी मास्तर घड्याळ बघून फटीत कुजबुजत, "हिनरिक्स, वेळ!" की डेटलेफ बाहेर येई, उन्हात एक मिनिट उभा राही, साठ माणसं टाळ्या वाजवत, नि झोयबर्टबाई बोट ओठांवर ठेवून त्यांना दटावत. मग तो पुन्हा आत. बाई ड्यूटीवर नव्हत्या, त्यामुळे चौथ्या फेरीत त्यांचाही मग आत आला. तो रिकामा होऊन परत आला तेव्हा फटीतून आवाज आला, "नऊ?" डेटलेफ म्हणाला, "नऊ." "आता घरी यजमानांना कसं सांगू?" बाई स्वतःशीच म्हणाल्या.

दोनच्या सुमारास डेटलेफची बोटं लाल झाली होती आणि नाक वाहत होतं. तेहेतीस डिग्रीच्या दुपारी गावात थंडी वाजणारा तो एकटाच माणूस. आपण जी वाढदिवसाची पार्टी योजली ती आपल्याला फक्त एका फटीतून दिसते आहे, हे त्याच्या लक्षात आलं. खाटकाची पँट, पाद्र्यांचा झगा, रोझविताचे कोपरापर्यंत पिठाळलेले हात. बाकाच्या टोकाशी कोणी पाहुणा विचारत होता, "आत कोण आहे हो?"

"आमचा जावई," बाप्टिस्टचा आवाज आला. "एकटा आहे आत. कामाचा आहे."

डेटलेफने पुढचा मग भरला. फटीशी पावलं वाजली. मगासाठी त्याने हात पुढे केला, पण या खेपेला आत आला तो जाड, म्हातारा, घट्टे पडलेला एक हात, आणि त्या हातात ताटली. मांसाचा कुरकुरीत तुकडा, रस्सा आणि बटाट्याचे दोन गोळे. वाफ फटीतून आत येऊन लाल उजेडात पसरली.

"खा आधी," बाप्टिस्ट कुजबुजले. "गरम आहे तोवर."